पायरीवरचं उत्तर

लेओनोरबाईंची तीन मुलं पाळण्यातच गेली आणि चौथ्याची आशा डॉक्टरने सोडायला लावली, तेव्हा त्यांनी आपल्या स्वयंपाकिणीची मुलगी घेतली. घेतली म्हणजे मागितली नाही. एर्मोसियो गावात त्या काळी याकी, म्हणजे त्या मुलखातल्या मूळ जमातीच्या, माणसाकडून कुणी काही मागत नसे.

स्वयंपाकिणीचं नाव निकानोरा. म्हातारपणी ती आमच्या ला मातान्सा वस्तीत, माझ्या आईच्या भिंतीला भिंत लावून राहायची. हे बहुतेक सगळं मी तिच्याच तोंडून ऐकलं, ती कणीक मळत असताना. बाकीचं वस्तीने पुरवलं. सांगताना ती स्वतःची बाजू सावरून घेत नसे, एवढं मात्र खरं.

तेव्हा तिची तिशीही उलटली नव्हती. नवरा इलारियो पाथरवट, घंटेच्या डोंगरावर कामाला. त्या डोंगराचा दगड दगडावर आपटला की काशासारखा वाजतो, म्हणून ते नाव. डोंगराच्या पायथ्याशी सरकार नवा तुरुंग उभारत होतं. दगड वाहणारे बरेचसे बेड्या घातलेले याकी कैदी होते, सिएराच्या डोंगररांगेत सरकारशी लढताना पकडून आणलेले. इलारियो मोकळा होता, रोजावरचा. अशांना गावात ‘गरीब याकी’ म्हणायचे, गरीब गाय म्हणतात तसं.

डोंगरात लढणारे सापडेनात म्हणून सरकार सापडतील त्यांना धरत होतं. गाडीवान, धोबिणी, विटा पाडणारे, कुणीही. ग्वायमास बंदरात जहाजावर चढवायचे आणि देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, युकातानात, घायपाताच्या मळ्यांवर नेऊन सोडायचे. लहान पोरं आधीच वेगळी काढून गावातल्या बऱ्या घरांत वाटून टाकायचे. ज्याच्यासाठी एखादा मालक ‘हा माझा माणूस’ असा शब्द टाकील, तो राहायचा.

त्यामुळे लेओनोरबाई चेपाचे लाड करू लागल्या तेव्हा निकानोराला बरंच वाटलं. चेपा सहा वर्षांची होती. मोठ्या डोळ्यांची, चुरुचुरु बोलणारी. बाईंनी तिला निळा झगा शिवला, केसांत फीत बांधली, जपमाळ म्हणायला शिकवली नाव ठेवलं कार्मेलिता आणि रात्रीही तिला आपल्याजवळच झोपवू लागल्या. मालकांची पिठाची गिरणी होती. ते दिवसभर गिरणीत असायचे आणि घरात आले की बायको म्हणेल त्याला मान डोलवायचे.

इलारियोला हे रुचत नव्हतं.

“पोरगी आपली आणि नाव तिचं? उद्या म्हणेल, कातडीही माझी.”

“म्हणू दे. तिच्या दारात शिपाई येत नाहीत,” निकानोरा म्हणाली. “तुझ्या दगडांच्या मागे लपवून ठेवू का पोरीला?”

“तुरुंगाचं छप्पर होईपर्यंत मला कुणी हात लावत नाही. मुकादमाने सांगितलंय.”

“आणि छप्पर झाल्यावर?”

इलारियो छिन्नीला धार लावायला बसला.

याकी घरात पोर बोलू लागलं की आधी नमस्कार शिकतं. येणारा म्हणतो, “लिओस एम चानिया”, म्हणजे देव तुला सांभाळो. समोरचा म्हणतो, “लिओस एम चिओकोए”, म्हणजे देव तुला क्षमा करो. पहिलं कानावर पडलं की दुसरं तोंडातून निघतंच, धूळ आली की पापणी मिटते तसं. चेपाही लेओनोरबाईंच्या बैठकीत कुणी याकी गडी आला की टुणकन उत्तर द्यायची. बाई तिच्या दंडाला चिमटा घ्यायच्या. “ही जनावरांची भाषा माझ्या घरात नको.” आणि संध्याकाळी त्याच दंडावर तेल लावून, तिच्या तोंडात साखरेत घोळवलेली संत्र्याची साल घालायच्या. चेपाला ती साल फार आवडायची.

ज्या दिवशी शिपाई आले त्या दुपारी बाईंकडे पाहुणे जेवायला होते. पलीकडच्या चौकात बँड वाजत होता, संत्र्यांच्या झाडांखाली लोक खुर्च्या टाकून बसले होते. लेफ्टनंट तरुण होता, दक्षिणेकडचा, घामाने भिजलेला. टोपी काढून दारातच उभा राहिला.

“माफ करा, बाईसाहेब. तुमच्याकडे याकी कितीजण आहेत?”

लेओनोरबाई हातपंख्याने वारा घेत होत्या. चेपा त्यांच्या पायाशी बाहुली घेऊन बसली होती. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. निकानोरा चुलीपुढे पोळी हातांवर ताणत उभी होती. आमच्याकडची गव्हाची पोळी कोपरापर्यंत पसरते, आरपार उजेड दिसेल इतकी पातळ. तिने मान वळवून पाहिलं. बाई आता शब्द टाकतील याची तिला इतकी खात्री होती की तिचे हात थांबलेसुद्धा नाहीत.

“ही मुलगी माझ्या चुलतबहिणीची आहे, आलामोस गावची,” बाई म्हणाल्या. “बिचारीला आईवडील नाहीत.”

“आणि ती आतली?”

बाईंनी आत पाहिलं. निकानोरा सांगायची, त्या नजरेत राग नव्हता, लाजही नव्हती. बाजारात भाजी पारखतात तशी ती नजर होती.

“ती होय, ती याकी आहे. तिचा नवरा डोंगरावर कामाला आहे, त्याच्या भावाबंदांचं मला काही ठाऊक नाही.” पंखा एकदा मिटला, पुन्हा उघडला. “फक्त लेफ्टनंट, एवढ्या पोळ्या होऊ द्या तिच्या. पाहुणे बसायचेत.”

लेफ्टनंट बाकावर बसून राहिला. बाईंनी त्याला लिंबाचं सरबत पाठवलं. निकानोराने उरलेले गोळे एकेक करून संपवले.

“का गं केल्यास?” माझ्या आईने तिला एकदा विचारलं. “फेकून द्यायची होतीस ती परात.”

“मला वाटलं, चांगल्या झाल्या तर तिचं मन बदलेल,” निकानोरा म्हणाली.

तिला नेलं तेव्हा चेपाच्या तोंडात संत्र्याची साल होती. लेओनोरबाईंनी तिला उचलून अंगणात नेलं आणि पोपट दाखवला. पोर रडलं नाही. आई रोज संध्याकाळी घरी जायचीच, तशीच गेली असं तिला वाटलं असेल.

इलारियोला त्याच दिवशी डोंगरावरून उचललं. छप्पर व्हायचं होतं, पण मुकादमाचा शब्द मुकादमाजवळच राहिला. रात्रभर सगळ्यांना त्याच अर्धवट तुरुंगात कोंडलं आणि सकाळी आगगाडीत भरलं. युकातानात इलारियो दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकला. घायपाताच्या पानाचा काटा पायात गेला, पाय सुजला, मळ्यावरच्या मुकादमाने तो आळशी आहे म्हणून चाबकाने फोडला. “मेला,” निकानोरा एवढंच सांगायची, आणि मग कणकेत पाणी घालायची.

पुढे क्रांती झाली, मळ्यांचे दरवाजे उघडले. निकानोरा सैन्याच्या मागे मागे स्वयंपाक करत, एका फौजेतून दुसऱ्या फौजेत, उत्तरेकडे सरकत राहिली. तिला परतायला वर्षांमागून वर्षं लागली. आली तेव्हा उजवा पाय ओढत होती, आणि पुढचे दात गेले होते.

गाव तसं तेच होतं. तुरुंग पुरा झाला होता, भरलाही होता. पांढऱ्या कॅथेड्रलचे मनोरे आता दुरून दिसत. निकानोराने त्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांशी पोळ्यांची टोपली मांडली, कारण रविवारच्या प्रार्थनेला बरी घरं तिथूनच आत जात. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी तिने मुलीला पाहिलं. पांढरा पोशाख, हातमोजे, अंगाने उंच, आणि चालणं थेट इलारियोच्या आईसारखं, टाच आधी टेकवून.

लेओनोरबाईंनी त्या दिवशी तिच्याकडे पाहिलंही नाही. पण आठवड्याने त्या एकट्या आल्या, काळी ओढणी चेहऱ्यावर घेऊन, आणि टोपलीपुढे उभ्या राहिल्या.

“तू जिवंत आहेस,” त्या म्हणाल्या.

“तुमच्या कृपेने नाही, बाईसाहेब.”

“टोमणे मारायला वेळ नाही मला. तिला काही आठवत नाही. तिला वाटतं ती आलामोसची. लोकांनाही तसंच वाटतं.”

“लोकांना?” निकानोरा हसली. “अख्ख्या गावाला ठाऊक आहे.”

“ठाऊक असणं वेगळं आणि बोलणं वेगळं.” बाईंनी आजूबाजूला पाहिलं. “तिचं लग्न ठरतंय. फेर्मीनशी, ब्रीहिदाबाईंच्या मुलाशी. त्याच्या बापाला याकींनी रानातल्या वाड्यावर मारलं, तुला कळतंय ना? तू इथं रोज बसून तिच्याकडे बघत राहिलीस तर कुणी ना कुणी तुझं नाक आणि तिचं नाक शेजारी ठेवून बघणार.”

“मग धरून द्या मला. तुम्हाला जमतं ते.”

“माझी स्वयंपाकीण सोडून गेलीये,” लेओनोरबाई म्हणाल्या. “घरात ये. तुला ती दिवसभर दिसेल, आणि तू कुणाला दिसणार नाहीस. फक्त तोंड बंद.”

निकानोरा गेली. तिच्या जागी मी असते तर टोपली बाईंच्या डोक्यावर उलटी केली असती, असं मी लहानपणी तिला म्हटलं होतं. ती म्हणाली, “तुला अजून मूल नाही.”

तीच चूल होती, तोच ओटा, पोपट मात्र दुसरा. निकानोरा पहाटे यायची आणि दिवसभर कान दाराकडे लावून राबायची. मुलगी चांगली नव्हती. हे निकानोरानेच मला सांगितलं, अगदी सरळ. मोलकरणींना ती नावं ठेवायची, कुत्र्याला लाथ मारायची, लेओनोरबाईंशी गोड बोलून हवं ते काढून घ्यायची. आणि नव्या स्वयंपाकिणीला पाहिल्यापासून तिच्या अंगात काहीतरी शिरलं. इतर कुणाच्या वाटेला गेली नाही इतकी ती तिच्या वाटेला जायची.

“ए लंगडे, तुझ्या पोळीला घामाचा वास येतो.” असं म्हणून पोळी जमिनीवर टाकायची आणि निकानोरा ती उचलेपर्यंत उभी राहायची. एकदा पाहुण्यांपुढे तिच्या चालण्याची नक्कल करून दाखवली. फेर्मीन पोट धरून हसला. निकानोरा त्याच वेळी चॉकलेटचे पेले घेऊन आत येत होती. तिने पेले मांडले आणि मागच्या पावली परतली.

पण दुपारी सगळे झोपले की तीच मुलगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायची. पोळी ताणणाऱ्या हातांकडे पाहत राहायची. निकानोराला वाटायचं, आता ओळखेल. मुद्दाम ती हळू हळू ताणायची.

अशाच एका दुपारी मुलीने विचारलं, “तुला मुलं होती?”

“एक होती.”

“मुलगी?”

“मुलगी.”

“मेली का?”

निकानोराचे हात थांबले. “मला माहीत नाही. तुम्हीच सांगा.”

मुलीने वर पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला ठाऊक होतं, निकानोरा म्हणायची, त्या क्षणी तिला सगळं ठाऊक होतं, पोपट, निळा झगा, सगळं.

“मेलीच असेल,” मुलगी म्हणाली. “सुटली बिचारी. नाहीतर तुझ्यासारखी झाली असती.” आणि उठून, झग्याला लागलेलं पीठ झटकून ती आत गेली.

लग्नाला थोडे दिवस राहिले होते. निकानोरा रोजच्यासारखी पहाटे येऊन राबत राहिली. वस्तीतल्या बायका नंतर म्हणायच्या की तिला राहवलं नाही, आईचं काळीज, लग्नाच्या दिवशी लेकीला आशीर्वाद द्यावासा वाटला. निकानोरा हे ऐकून थुंकायची. “आशीर्वाद कसला? मी कोंबडी कापायला जाते तशी गेले होते.”

लग्नाच्या सकाळी तिला स्वयंपाकघरातून हलायचं नाही अशी ताकीद होती. तिने सगळं शिजवून ठेवलं, चूल झाकली, हात धुतले आणि मागच्या दाराने निघाली. चौकात बँडच्या मंडपाला फुलं बांधली होती. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना फेरीवाले, भिकारी, बघे दाटीवाटीने उभे होते. ती त्यांच्यात घुसली.

नवरीची गाडी आली. मालकांच्या हाताला धरून मुलगी उतरली. वर दारात ब्रीहिदाबाई काळ्या रेशमात उभ्या होत्या, शेजारी फेर्मीन, मागे लेओनोरबाई. पायऱ्या अर्ध्या चढून झाल्या तेव्हा निकानोरा रांगेतून एक पाऊल पुढे आली. मुलीने तिला पाहिलं नाही. निकानोरा ओरडलीही नाही. दारात येणारी शेजारीण म्हणते तशी म्हणाली,

“लिओस एम चानिया, चेपा.”

“लिओस एम चिओकोए,” मुलगी म्हणाली.

स्वच्छ, मोठ्या आवाजात, लहान मुलाच्या चालीत. मग तिने स्वतःच्याच तोंडावर हातमोजा दाबला.

आतला ऑर्गन तेवढा वाजत होता.

“काय म्हणाली ती?” ब्रीहिदाबाईंनी विचारलं. त्यांचा गाडीवान पायथ्याशी घोडे धरून उभा होता. तो याकींशी लढून आलेला म्हातारा शिपाई. त्याने मान खाली घातली. “विचारलं मी तुला, काय म्हणाली?”

“‘देव तुला क्षमा करो’ म्हणाली, बाईसाहेब. याकीत.”

“मोलकरणींकडून ऐकलं असेल लहानपणी,” लेओनोरबाई घाईने पुढे आल्या. “पोरं काय, कुठूनही उचलतात...”

“खरंय,” निकानोरा म्हणाली. “माझ्याकडून उचललं. अंगावर पीत होती तेव्हा.”

तुम्ही म्हणाल, गावाला ठाऊकच होतं, मग बिघडलं काय? ब्रीहिदाबाईंनाही ठाऊक असणार. मुलीबरोबर येणारी गिरणी त्यांना हवी होती, आणि गप्प राहून सून आणायला त्या तयार होत्या. पण आता ते पायरीवर, चारचौघांत, गाडीवानाच्या तोंडून निघालं होतं. त्यांनी फेर्मीनचं कोपर धरलं. फेर्मीनने मुलीकडे पाहिलं. मग आईबरोबर पायऱ्या उतरला. मुलीच्या शेजारून जाताना त्याने आपला कोट सावरून घेतला, तिला लागू नये म्हणून.

मुलीने निकानोराकडे पाहिलं. “झालं तुझं समाधान?” तिने विचारलं. एवढंच.

निकानोरा मला म्हणाली होती, “झालं होतं. देवाशपथ सांगते, तेव्हा झालं होतं.”

घरी गेल्यावर लेओनोरबाईंनी मुलीला अंगणात उभं केलं आणि पोशाख उतरवायला सांगितला. त्याची लेस त्यांच्या आईच्या लग्नातली होती. मोलकरणी खांबांआडून बघत होत्या.

“मम्मा, इथं नको,” मुलगी म्हणाली.

“मम्मा नाही. तुझी मम्मा पायरीवर बसलीये पोळ्या विकत.”

“तुम्ही मला आणलंत. मी मागितलं होतं का?”

“मी कोकरू आणलं होतं,” लेओनोरबाई म्हणाल्या. “मला काय ठाऊक, लांडग्याचं होतं.” आणि त्या रडायला लागल्या, खऱ्याखुऱ्या, छाती पिटत. रडता रडता त्यांनी तिच्या पाठीवरची बटणं स्वतःच्या हातांनी सोडवली. मालक टोपी घालून गिरणीत निघून गेले.

मुलगी आतल्या पांढऱ्या परकरावर मोलकरणीची जुनी शाल गुंडाळून भर उन्हात गाव ओलांडून आमच्या वस्तीत आली. पोरं तिच्यामागे नवरी, नवरी ओरडत होती. निकानोरा झोपडीपुढे बसली होती. पुढचा विचार तिने केलाच नव्हता.

“कुठे झोपू?” मुलीने विचारलं.

“ये, पोरी...”

“पोरी नको. चेपा नको. कार्मेलिताही नको. तुला माझ्याशी बोलायचं असेल तर काम सांग.”

आणि ती तशीच राहिली. आईच्या शेजारी बसून पोळ्या ताणायला शिकली. पहिल्या पोळ्या जाड, फाटक्या व्हायच्या. वस्तीतल्या बायका हसायच्या, “बाईसाहेब, ही पोळी की खोगीर?” ती पुढचा गोळा उचलायची. दिवसभरात आईशी चार शब्द, तेही मालकीण गड्याशी बोलते तसे. “ए बाई, सरपण संपलं.” निकानोरा आजारी पडली तर पाणी गरम करून द्यायची, कपाळाला हात लावायची नाही. निकानोराने एकदा तिच्या ताटात साखरेतली संत्र्याची साल ठेवली. मुलीने ती उचलून कोंबड्यांना टाकली. आमच्या आया म्हणायच्या, दोघींनी मिळून एकच घर केलंय आणि त्याला दार ठेवलेलं नाही.

मालक गेले, गिरणी कर्जात बुडाली. मग लेओनोरबाईंची दृष्टी गेली आणि पाठोपाठ अर्धं अंग लुळं पडलं. उरलेल्या एका मोलकरणीने वस्तीत येऊन निरोप दिला, बाई कार्मेलिताला भेटायचं म्हणतायत. मुलगी हातातली कणीक टाकून उठली, केस नीट केले आणि गेली. निकानोरा म्हणाली, मला शिपायांनी नेलं तेव्हा वाटलं होतं त्याहून वाईट वाटलं. ती गेली ती धावत गेली.

दुपार कलल्यावर परत आली. कणकेवर ओलं फडकं तसंच होतं. तिने ते काढलं आणि मळायला बसली.

“काय म्हणाल्या?” निकानोराने विचारलं.

“मी आत आलेलं कळलं नाही तिला. मोलकरीण बाहेर गेली होती. पाणी मागत होती नुसती. पाणी, पाणी.”

“मग दिलंस?”

“पेला भरला.” मुलीने गोळा तोडला. “तिचा हात पोचेल तिथे ठेवायला हवा होता. मी खिडकीत ठेवला. हात चाचपत होती. थोडा वेळ बघितलं आणि आले.”

निकानोराला आधी हसू आलं. ते हसू तिने लपवलं नाही. ज्या बाईने तिला पोळ्या संपवायला लावल्या होत्या, ती आज हात चाचपत होती. मग तिने मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावर राग नव्हता, लाजही नव्हती. मुलगी कणकेच्या गोळ्याकडे पाहत होती, भाजी पारखावी तशी.

“पेला खिडकीतच आहे?” निकानोराने विचारलं.

“असेल.”

निकानोराने शाल घेतली आणि लंगडत निघाली. चौक ओलांडताना तिला दम लागला, कॅथेड्रलच्या पायरीवर बसावं लागलं. ती पोचली तेव्हा लेओनोरबाईंचे ओठ फुटले होते, जीभ टाळ्याला चिकटली होती, आणि हात अजून पलंगाच्या कडेवर फिरत होता. निकानोराने त्यांचं डोकं कुशीत घेऊन पाणी पाजलं. घोट घोट, ठसका लागणार नाही असं.

पाणी पिऊन झाल्यावर बाईंनी तिचा हात धरला. चाचपला. तळहाताचे घट्टे, वाकडं बोट. “कार्मेलिता?” त्यांनी विचारलं.

“हो,” निकानोरा म्हणाली.

“मला वाटलंच तू येशील. ती दुसरी कुठे आहे? ती लंगडी?”

“मेली ती.”

“बरं झालं,” लेओनोरबाई म्हणाल्या आणि तिचा हात गालाखाली घेऊन झोपल्या. मोलकरीण येईपर्यंत निकानोराला तो हात काढता आला नाही. नंतर ती आणखी काही वेळा गेली, बाई मरेपर्यंत. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि का जाते ते तिने कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही.

मुलीने हे कधी विचारलं नाही. बाईंच्या प्रेताला ती गेली नाही. त्यानंतर काही महिन्यांनी रेल्वेच्या कामगारांसाठी स्वयंपाक करायला बायका हव्यात अशी दवंडी वस्तीत आली, आणि ती उत्तर सरहद्दीवरच्या नोगालेसच्या गाडीत बसली. निकानोरा तिला पोचवायला स्टेशनवर गेली होती. मुलगी खिडकीशी बसली होती, मांडीवर गाठोडं, नजर समोरच्या बाकावर. गाडी सुटेपर्यंत निकानोरा फलाटावर उभी राहिली.

नोगालेसला तिने लग्न केलं असं आम्ही ऐकलं, तिला मुलगे आहेत असंही ऐकलं. तिथून आलेल्या एका गाडीवाल्याने माझ्या आईला सांगितलं की तिची खाणावळ चांगली चालते, पोळ्या अशा पातळ की त्यातून उजेड दिसावा. आईने ते निकानोराला सांगितलं नाही. “वाट बघत बसेल,” एवढंच मला म्हणाली.